एका कॅलेंडरची आवक तपासणी

फुकट मिळणाऱ्या वस्तूकडे मी आधी नुसत्या संशयाने बघतो आणि मग सविस्तर संशयाने बघतो. यात माझा स्वभाव कमी आणि नोकरी जास्त आहे, असं माझं मत. घरातल्यांचं मत नेमकं उलट आहे. मी एका कारखान्याच्या आवक तपासणी विभागात आहे. बाहेरून येणारा प्रत्येक स्क्रू, प्रत्येक पट्टा, ग्रीसचा प्रत्येक डबा आधी माझ्या टेबलावरून जातो. मागवलं तेच आलं का, मागवलं तेवढंच आलं का आणि पाठवणारा नक्की कोण, हे विचारल्याशिवाय मी शिक्का मारत नाही. माल कमी आला तर मी पुरवठादाराला पत्र लिहितो. जास्त आला तर दोन पत्रं लिहितो, कारण कमी देणारा नुसता लबाड असतो, पण जास्त देणाऱ्याच्या मनात काय आहे ते कळायला मार्ग नसतो.

त्यामुळे सुट्टीला घरी आलेल्या आमच्या मुलीने जेवता जेवता सांगितलं की तिने एक मुलगा पसंत केलाय आणि तो लोकांना वस्तू फुकट वाटतो, तेव्हा मी हातातला घास ताटात परत ठेवला.

"म्हणजे दानधर्म करतो का?" आमच्या हिने कौतुकाने विचारलं. हिला कौतुक करायला फार कमी माहिती पुरते.

"नाही गं आई. नोकरी करतो. आणि उरलेल्या वेळात कॉम्पोनंट बनवतो. म्हणजे वेबपेजला लागणारे सुटे भाग. बटण, यादी, तारीख निवडायचं कॅलेंडर. एकदा नीट बनवायचे आणि सगळ्यांसाठी ठेवून द्यायचे. ज्याला हवेत त्याने पॅकेज मॅनेजर वापरून घरबसल्या घ्यायचे."

"कोणी घ्यायचे?" मी विचारलं.

"कोणीही."

"ओळखपाळख नसताना?"

"हो बाबा."

"आणि त्याला काय मिळतं?"

मुलीने चमचा खाली ठेवला. "बाबा, पुढच्या महिन्यात मी त्याला इथे घेऊन येते. तुम्ही बघा, बोला, काय वाटतं ते सांगा. नाही म्हणालात तर मी भांडणार नाही. पण मग दुसरा कोणी बघायलाही जाऊ नका. आणि हो म्हणणार असाल तर मनापासून म्हणा. आईने कोपर मारलं म्हणून नको. मला लगेच कळतं."

हे खरं आहे. तिला लगेच कळतं. लहानपणी तिच्या चित्रांना मी नाइलाजाने छान म्हणायचो, तेव्हा ती कागद उचलून निघून जायची. त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी ती परगावी नोकरीवर गेली आणि माझ्या मनात पाल चुकचुकत राहिली. एकुलती एक मुलगी, आणि तिचं सगळं आयुष्य आता माझ्या एका शेऱ्यावर येऊन थांबलं होतं. बरं, शेरा खोटा द्यायची सोयही तिने ठेवली नव्हती.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त साहेब राहतात. विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात त्यांची हयात गेली. आगीत दुकान जळालेल्या माणसाला ते पहिला प्रश्न विचारायचे की तुम्ही काडी कुठल्या दुकानातून घेतलीत. जिन्यातून उतरताना माझा चेहरा पाहून त्यांनी विचारलं, "काय, कुठे पाणी मुरतंय?"

मी सगळं सांगितलं. साहेबांनी कठड्याला टेकून डोळे मिटले.

"माणसाला भेटून काही कळत नाही," ते म्हणाले. "भेटायला येणारा माणूस आंघोळ करून येतो. तुम्ही त्याचा माल मागवा. नमुना. त्याला न सांगता."

मला हे पटलं. शिवाय कारणही आयतं होतं. आमच्या इमारतीला तळमजल्यावर एक हॉल आहे आणि मी इमारतीच्या समितीचा सचिव आहे. ज्याला हॉल हवा असेल त्याने दाराजवळच्या फळ्यावर चिठ्ठी लावायची, अशी पद्धत होती. चिठ्ठ्या वाऱ्याने पडत. वारा नसला तरी पडत, आणि जिथे पडत तिथे बरोबर दुसऱ्या कोणाची तरी चिठ्ठी लागलेली असे. हॉलच्या तारखा ठरवायला एक छोटंसं वेबपेज करायचं, त्यात त्या मुलाचं कॅलेंडर बसवायचं, म्हणजे इमारतीचं काम होईल आणि मुलाची परीक्षाही होईल. मुलीला यातलं काही सांगायचं नाही, असं मी हिला बजावलं. ही म्हणाली, "तुम्ही वेबपेज करणार? परवा तुम्ही फोनचा आवाज वाढवायला गेलात आणि तीन जणांना बोलवलंत." मी या वाक्याची नोंद घेतली नाही.

पॅकेज मॅनेजर लॅपटॉपवर कसा चढवतात ते विचारायला मी आमच्या कारखान्यातल्या संगणक विभागाच्या प्रमुखांकडे गेलो. त्यांनी मला खुर्ची दिली आणि अर्ज आणायला सांगितला. खाजगी लॅपटॉप, खाजगी काम, तरी अर्ज कशाला, असं मी विचारलं. ते म्हणाले, "माहिती ऑफिसची आहे ना." मी अर्ज दिला. तो टेबलांवरून फिरत फिरत चौथ्या दिवशी माझ्याच टेबलावर आला, कारण कारखान्याबाहेरून काहीही मागवायचं असेल तर त्याला आवक तपासणीचा अभिप्राय लागतो, हा नियम मीच करून घेतलेला होता. मी अर्ज वाचला. अर्जदाराने पुरवठादाराचं नाव दिलं नव्हतं, वस्तूचं वजन दिलं नव्हतं आणि एकूण हेतू संशयास्पद वाटत होता. स्वतःचा अर्ज म्हणून सोडून दिला तर उद्या लोक बोट दाखवतील. मी प्रतिकूल अभिप्राय लिहून अर्ज परत पाठवला.

संगणक विभागाच्या प्रमुखांनी मला कँटीनमध्ये गाठलं. "साहेब, तुमचा अर्ज तुम्हीच नामंजूर केलात," ते म्हणाले. मग चहाचा कप बाजूला सारून त्यांनी सगळं तोंडी सांगून टाकलं आणि हॉलच्या पेजचा कोरा सांगाडाही करून दिला. फार सोपं होतं. लॅपटॉपवरच्या काळ्या खिडकीत एक ओळ लिहायची. पॅकेज मॅनेजर म्हणजे एकाच वेळी दुकानदार आणि हमाल. नाव सांगितलं की तो जगाच्या कोठारातून ते पॅकेज उचलून तुमच्या घरात आणून टाकतो.

रविवारी सकाळी मी चष्मा पुसून बसलो. साहेब साक्षीदार म्हणून शेजारी बसले. मी इन्स्टॉलची ओळ लिहिली, पुढे मुलीने जेवताना सांगितलेलं त्या मुलाच्या कॅलेंडरचं नाव लिहिलं आणि बटण दाबलं. खिडकीत अक्षरं धावायला लागली. एक रेघ भरत गेली. मग शेवटी संगणकाने हिशेब दिला की आठशेबारा पॅकेजेस आली आहेत.

मी मागवलं होतं एक.

"दार लावून घ्या," साहेब हलक्या आवाजात म्हणाले. मीही उठून खरंच दार लावलं, हे सांगायला मला आता संकोच वाटतो.

त्याखाली आणखी मजकूर होता. यांतली काही पॅकेजेस जुनी झाली आहेत, वापरू नका. काहींमध्ये किरकोळ धोका आहे. आणि यांतल्या बऱ्याच जणांना तुमच्याकडून मदतीची अपेक्षा आहे. साहेबांनी टाळी वाजवली. "आलं की नाही फुकटाचं खरं रूप? आत येऊन बसले आणि आता हात पसरतायत."

संध्याकाळी मुलीचा फोन आला तेव्हा मी सहज, अगदी जाता जाता, विचारलं की या लोकांचं एक पॅकेज मागवलं की बरोबर दुसरी का येतात. ती म्हणाली, "अहो बाबा, कोणीच सगळं स्वतः बनवत नाही. याचं काम त्याच्यावर उभं, त्याचं आणखी कोणावर. तुम्ही का विचारताय?" मी म्हटलं, ऑफिसात विषय निघाला होता. पण तिचं उत्तर ऐकून मला जास्तच घाम फुटला. म्हणजे मुलगा एकटा येत नाही. मुलाबरोबर त्याचं अख्खं गणगोत येतं, आणि त्यातल्या एकाचीही चौकशी झालेली नाही.

मग मी कामाला लागलो. ऑफिसातून आलो की फोल्डर उघडायचं आणि एकेक पॅकेज तपासायचं. जेवायला हाक मारली तरी माझं लक्ष नसे. ही म्हणायची, "त्या मुलाला भेटायच्या आधी त्याच्या शेजाऱ्याच्या मावसभावाच्या घरमालकाला भेटून घ्या म्हणजे झालं." थट्टा बाजूला ठेवली तर मी तेच करत होतो. काय काय निघालं त्यात. एका पॅकेजचं काम एवढंच की शब्दाच्या डावीकडे मोकळी जागा सोडायची. एक पॅकेज आकडा विषम आहे का ते सांगतं. दुसरं आकडा सम आहे का ते सांगतं, आणि तेही स्वतः बघत नाही, पहिल्याला विचारतं आणि उलटं करून सांगतं. अशी माणसं आमच्या ऑफिसात आहेत, नाही असं नाही, पण त्यांची नेमणूक रीतसर झालेली आहे.

पाठवणाऱ्यांची नावं तर विचारूच नका. कोणी स्वतःला उंदीर म्हणवतो. कोणाच्या नावात नुसते आकडे. मी प्रत्येकाला पत्र धाडलं: आपलं पूर्ण नाव, पत्ता, व्यवसाय आणि ही वस्तू विनामूल्य देण्यामागचा हेतू कळवावा. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एकाने झोपलेल्या मांजराचा फोटो पाठवला. साहेबांनी तो फोटो मोठा करून मागची भिंत तपासली.

आमच्या विभागाचा नियम साधा आहे. न मागवता आलेला माल फाटकातून परत जातो. मी मागवलं होतं कॅलेंडर, तेव्हा ज्याचा कॅलेंडरशी संबंध मला पटत नव्हता त्याला मी पुसून टाकायला लागलो. प्रत्येक वेळी पेज उघडून बघायचं. चाललं तर तो माल अनावश्यक होता हे सिद्ध. बरेच गेले आणि पेजला पत्ताही लागला नाही. माझा हुरूप वाढला. असं करत मी एका पॅकेजपाशी आलो, त्याच्या मालकाच्या फोटोच्या जागी बदक होतं. त्या पॅकेजचं काम एकच: दोन तारखा दिल्या तर त्या एकाच दिवसाच्या आहेत का ते सांगायचं.

मी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं.

"हे सांगायला माणूस लागतो?" साहेब म्हणाले.

मी बदकाला पुसलं. या वेळी मात्र पेज उघडेना. लाल अक्षरात तक्रार आली की अमुक ओळीत बदकाला हाक मारली आहे आणि बदक घरात नाही. मी त्या मुलाच्या फाइलमधली ती ओळ शोधली, तिच्या आजूबाजूच्या दोन ओळीही गोंधळलेल्या दिसल्या, आणि तिन्ही काढून टाकल्या. तक्रार बंद. कॅलेंडर छान उघडलं. तारखा दिसायला लागल्या, बोट लावलं की निळ्या होत होत्या. एवढ्या वर्षांच्या नोकरीचं चीज झालं असं मला वाटलं. मी फळ्यावरच्या सगळ्या चिठ्ठ्या काढल्या आणि सूचना लावली की यापुढे हॉलची नोंद फक्त पेजवर होईल, सचिवांच्या तपासणीनंतरच हे पेज खुलं करण्यात आलं आहे.

त्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी मी हॉलकडे सहज चक्कर मारायला गेलो तर दारात भांडण लागलेलं. समोरच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या आईच्या ऐंशीव्या वाढदिवसासाठी हॉल घेतला होता. तळमजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंनी त्यांच्या कपड्यांचं प्रदर्शन मांडायला हॉल घेतला होता. आणि वरच्या साहेबांनी त्यांच्या निवृत्त सहकाऱ्यांचा मेळावा भरवला होता. तिघांनी पेजवर हाच शनिवार निवडला होता. तिघांनाही कॅलेंडरने निळं करून दाखवलं होतं.

कोणीच माघार घेईना, तेव्हा तिघांनीही हॉल वापरला. शिवणवाल्या बाईंचे कपडे घातलेले पुतळे आधीच खुर्च्यांवर बसवलेले होते, ते उठवायला त्या तयार नव्हत्या. ऐंशी वर्षांच्या आजी अर्धा तास एका पुतळ्याला आपल्या गुडघ्याबद्दल सांगत होत्या, आणि नंतर म्हणाल्या की आजकाल इतकं शांतपणे ऐकून घेणारं कोणी भेटत नाही. साहेबांच्या एका सहकाऱ्याने खोट्या मृत्युपत्रांवर भाषण सुरू केलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंचे भाऊ उगाचच त्यांच्यावर धावून गेले. मधेच कोणीतरी मेणबत्त्या विझवायला म्हणून दिवे घालवले आणि परत लागले तेव्हा केक एका पुतळ्याच्या मांडीवर होता. सगळे माझ्याकडे वळले. मी सूचना लावून स्वतःचं नाव आधीच जाहीर केलेलं होतं.

"मी तुम्हाला तेव्हाच म्हटलं होतं," साहेब सगळ्यांदेखत म्हणाले. काय म्हटलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही. समितीने तातडीची बैठक बोलवायचं ठरवलं. घरी आल्यावर मी हिला म्हणालो, "बघितलंस? हा तुझा होणारा जावई. एक तारीख सांभाळता येत नाही, मुलगी काय सांभाळणार?"

"तो कशाला मुलगी सांभाळेल, ती काय कुंडी आहे?" ही म्हणाली. "आणि त्याचं कॅलेंडर होतं का ते, की तुम्ही सोललेलं?"

मला खरं तर तेव्हाच पुसटशी शंका आली होती. पण स्वतःवरच्या संशयाला मी फारसा सरावलेलो नाही. रविवारी दुपारी मी त्या मुलाच्या कॅलेंडरच्या पानावर गेलो. तिथे वापरणाऱ्यांनी चारचौघांत तक्रार लिहायची सोय असते. मी 'एक नागरिक' या नावाने खातं उघडायला गेलो, तर ते नाव आधीच कोणीतरी घेतलेलं. मला 'एक नागरिक सात' व्हावं लागलं. आणखी सहा नागरिक कसली तक्रार करत हिंडत होते कोण जाणे. मी लिहिलं: विषय, सदोष माल. आपल्या कॅलेंडरने एकाच दिवशी तीन कुटुंबांना हॉल दिला असून एका वयोवृद्ध महिलेच्या केकचं नुकसान झालं आहे. खुलासा करावा. सोबत कॅलेंडर तयार करणाऱ्याचं शिक्षण, कुटुंबातील व्यक्ती आणि भविष्यातील योजना कळवाव्यात.

मला वाटलं होतं, उत्तर येणार नाही. आलंच तर उर्मट येईल, आणि मग मला नाही म्हणायला मोकळीक मिळेल. उत्तर चहा गार व्हायच्या आत आलं.

"आजींची तब्येत बरी आहे ना?" त्याने लिहिलं होतं. "असं व्हायला नको होतं. आपण शोधू. तुमच्याकडे तारखा जुळवणारं पॅकेज आहे का ते बघाल का?"

मी लिहिलं की सदर प्रश्नाचा मूळ तक्रारीशी संबंध काय. त्याने संबंध समजावून सांगितला. मी लिहिलं की आपण विषय बदलत आहात. त्याने लिहिलं, माफ करा, माझं सांगणं स्पष्ट नव्हतं, पुन्हा सांगतो. मग मी न मागवलेल्या आणि म्हणून काढून टाकलेल्या मालाची यादी, शनिवारचा पुतळ्यांसकट अहवाल आणि फाइल जशीच्या तशी पाठवली. त्याने त्यातल्या गेलेल्या ओळी ओळखल्या. आता हा मला झाडणार, या तयारीने मी बसलो होतो. त्याने लिहिलं: "या ओळी कशाने तरी गेल्या आहेत. त्या परत कशा घालायच्या ते खाली देतो. पण चूक माझीही आहे. एवढं महत्त्वाचं काम इतक्या छोट्या पॅकेजवर सोपवलं आणि ते महत्त्वाचं आहे हे कुठे लिहूनच ठेवलं नाही. आजच लिहितो."

'कशाने तरी गेल्या आहेत.' मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. इतक्या वर्षांत चूक पदरात घेणारा पुरवठादार मला भेटलेला नव्हता. मी साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "मुरलेला आहे. सांभाळा." मी त्याने सांगितल्याप्रमाणे सगळं परत बसवलं. बदकासकट. त्याने संध्याकाळी विचारलं, "चाललं का?" दोन दिवसांनी पुन्हा विचारलं, "चाललं का?" मी उत्तर दिलं नाही. काय लिहायचं? चाललं म्हणायचं तर सदोष माल हा शब्द परत घ्यावा लागत होता, आणि तो मी चारचौघांत वापरला होता.

पुढच्या महिन्यात मुलगी त्याला घेऊन आली. उंच, किंचित वाकलेला, बूट काढून एका ओळीत ठेवणारा. मी त्याच्याशी हवापाण्याचं बोललो, त्याला अहोजाहो केलं आणि एकही प्रश्न विचारला नाही. मुलगी अस्वस्थ झाली. मी प्रश्न विचारत नाही याचा अर्थ माझं मत झालंय, हे तिला ठाऊक होतं, आणि कुठलं मत झालंय ते तिला कळत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही कळत नव्हतं. ही पानं वाढत होती. बोलायला काहीतरी हवं म्हणून हिने त्याला विचारलं, "मग, काम कसं चाललंय तुझं?"

"बरं चाललंय काकू. एका माणसाने मात्र मागच्या महिन्यात घाम काढला." तो हसला. "कुठल्या तरी इमारतीचे कोणीतरी आहेत. त्यांनी मला विचारलं की भविष्यातील योजना कळवाव्यात."

हिच्या हातातला वाडगा टेबलावर जरा जोरात टेकला. मी पाणी प्यायलो.

"आणि त्यांनी काय केलं होतं माहितीये? माझ्या कॅलेंडरबरोबर येणारी पॅकेजेस त्यांनी एकेक करून काढून टाकली होती. का, तर मागवली नव्हती म्हणून. तीन कुटुंबं एकाच हॉलमध्ये. आजी होत्या, केक होता, आणि का कोण जाणे, पुतळेही होते."

मुलीने हळूच मान वळवून माझ्याकडे बघितलं. ती कारखान्यातल्या माझ्या दोन पत्रांच्या नियमावर वाढलेली मुलगी आहे. मी भिंतीकडे बघत राहिलो.

"असल्या विक्षिप्त माणसाला तुम्ही हाकलून का नाही दिलंत?" मी विचारलं. माझ्या घरात, माझ्या टेबलावर, माझंच वर्णन मला मुकाट्याने ऐकून घ्यावं लागत होतं.

तो जरा विचारात पडला. "हाकलायचं कशाला, काका? इतके लोक माझं काम घेतात, पण आत काय आहे ते कोणीच उघडून बघत नाही. खरं तर मीही बघत नाही. मी ती आठशे पॅकेजेस कधी वाचली नव्हती. त्यांनी वाचली. त्यांच्यामुळे मी वाचायला बसलो, आणि त्यातलं एक खरंच काढून टाकायच्या लायकीचं निघालं. फार संशयी माणूस आहे, पण दारात उभा राहून कोण आत येतंय ते बघतो. राग येतो, नाही असं नाही. पण असा एक घरात हवा असं वाटतं."

मला एकदम भरून आलं, आणि मला जेवताना भरून आलेलं आवडत नाही. मी वाटी पुढे सरकवली आणि म्हणालो, "तो मी."

त्याचा घास हातातच राहिला. कानांपर्यंत लाल झाला बिचारा. आपण काय काय बोललो ते तो मनात आठवत असणार. विक्षिप्त हा शब्द माझा होता, त्याचा नव्हता, हे त्याला त्या क्षणी सुचलं नसावं. मुलीचा जीव टांगणीला लागलेला मला दिसत होता. तो आता माफी मागणार, काका मला माहीत नव्हतं म्हणणार, असं मला वाटलं.

"मग चाललं का?" त्याने विचारलं.

मी उठलो आणि लॅपटॉप घेऊन आलो. ताटं बाजूला सारून तो टेबलावर ठेवला आणि हॉलचं पेज उघडलं. मुलीला म्हणालो, "तू एकदा म्हणाली होतीस, लग्न पानगळीच्या आधी, मोकळी हवा असताना करायचं. हा शनिवार चालेल?" तिने तोंडावर हात ठेवला. हिने पदराने उगाच टेबल पुसायला घेतलं. मी त्या शनिवारावर बोट ठेवलं.

तारीख निळी झाली नाही. खाली ओळ आली की हा दिवस आधीच घेतलेला आहे. कोणी घेतलाय बघितलं तर वरच्या साहेबांनी. निवृत्त सहकाऱ्यांचा मेळावा, भाग दोन.

मी पुन्हा बोट ठेवलं. पुन्हा तेच.

"हे बघा," मी त्या मुलाला म्हणालो, "मी या इमारतीचा सचिव आहे. मुलगी माझी आहे, हॉल आमचा आहे, आणि कॅलेंडर तुमचं आहे. सचिवासाठी आत काही सवलत ठेवली असेलच की. सांगा कुठे दाबायचं."

त्याने एकदा मुलीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"नाही, काका," तो म्हणाला. "तशी सवलत ठेवलेली नाही. कोणालाच नाही."

मी त्याच्याकडे नीट बघून घेतलं. मग खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसलो आणि लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

"मग पुढची रिकामी तारीख बघ रे," मी म्हणालो, "वरचे साहेब ती घ्यायच्या आत."